हेडलाइटचा फ्यूज सारखा उडतोय, होल्डर करपतोय: १००/९० बल्ब घातलेल्या गाडीत काय तपासायचं

तक्रार साधारण एकाच वळणाची असते. कंपनीचे ६०/५५ वॉटचे एच४ बल्ब (एकाच बल्बात हाय बीम ६०, लो बीम ५५) काढून १००/९० चे घातले, सुरुवातीला रस्ता झकास दिसला. मग एका बाजूचा दिवा मधूनच पिवळा पडायला लागला. फ्यूज उडाला, बदलला, पुन्हा उडाला. कुणीतरी १० अँपिअरच्या जागी २० चा ठोकून दिला. फ्यूज उडायचा थांबला, पण काही दिवसांनी बल्बचा होल्डर करपून हातात आला, नाहीतर स्टिअरिंगपाशी जळका वास यायला लागला.

फ्यूज बल्बला वाचवायला बसवलेला नसतो, तो वायरीला वाचवायला असतो. वायर किती प्रवाह सहन करेल ते पाहून कंपनीने त्याचा आकडा ठरवलेला असतो. फ्यूज मोठा केला की वायर तीच राहते आणि तापून वितळायची पाळी तिच्यावर येते. ती वायर डॅशबोर्डच्या आत, गालिच्याखाली, इंधनाच्या नळ्यांच्या शेजारून जात असते. म्हणून खालची तपासणी सुरू करण्याआधी एक काम आजच करा: फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता बघून प्रत्येक जागी मूळ आकड्याचाच फ्यूज आहे याची खात्री करा. पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा किंवा पारदर्शक, ३० हिरवा. तक्त्यात १० लिहिलंय आणि जागेवर पिवळा दिसतोय, तर दोष तिथेच लपवलेला आहे. फ्यूजऐवजी तार किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला सापडला, तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढू नका.

आकडे काय सांगतात

६० वॉटचा फिलामेंट १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, १०० वॉटचा ८.३. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास असतात, तेव्हा हाच बल्ब ९ अँपिअरपर्यंत जातो. दोन्ही दिव्यांना मिळून एकच १५ चा फ्यूज असेल तर त्यातून १८ अँपिअर वाहतात. पात्याचा फ्यूज क्षमतेच्या ११० टक्के प्रवाह तासन्‌तास धरतो. १३५ टक्क्यांवर मात्र तो पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत केव्हाही उडू शकतो. १५ वर १८ म्हणजे १२० टक्के, बरोबर या दोहोंच्या मधली जागा. त्यामुळे फ्यूज कधी तासभर टिकतो, कधी घाट चढताना इंजिनची बाजू तापली की जातो, आणि लोकांना वाटतं फ्यूजच डुप्लिकेट निघाला.

डाव्या-उजव्या दिव्याला १०-१० चे वेगळे फ्यूज असतील तर ९ अँपिअरचा भार काठावर बसतो. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या सुमारे दहावा हिस्सा असतो, म्हणून दिवा लावताक्षणी प्रवाहाची मोठी उसळी येते. सतत काठावर तापणारा फ्यूज अशाच एखाद्या उसळीला जातो.

खरं नुकसान मात्र सांध्यांवर होतं. सांध्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह ५ वरून ८.३ झाला की त्याच पिनेत पावणेतीन पटींहून जास्त उष्णता तयार होते. होल्डर जुना असेल, पिनेची पकड सैल असेल आणि सांध्याचा रोध ०.०५ ओहम झाला असेल, तर पूर्वी सव्वा वॉट तयार होत होता, आता साडेतीन. एवढी उष्णता प्लास्टिकच्या होल्डरमधल्या नखाएवढ्या पितळी पट्टीत, तीही मागून बल्ब स्वतः तापवत असताना. पितळ मऊ पडतं, पकड आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही, आणि मूळ बल्ब परत घातला तरी तो होल्डर सुधारत नाही. तो बदलावाच लागतो.

उडालेला फ्यूज टाकून देऊ नका, उजेडात धरून बघा

निम्मं निदान इथेच होतं. आतली पट्टी मधोमध स्वच्छ तुटलेली आणि प्लास्टिक साफ असेल तर जास्तीचा भार हळूहळू तापवून गेला आहे. आत काळा धूर, धातूचे शिंतोडे उडालेले दिसले तर थेट शॉर्ट आहे. तिसरा प्रकार बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: पट्टी अखंड आहे, पण फ्यूजचं प्लास्टिक एका पायाजवळ वितळून वाकडं झालंय. तिथे फ्यूज बॉक्समधली पकडच सैल आहे. नवा फ्यूज घालून काही होणार नाही. त्या जागेचं टर्मिनल बदलायला हवं, आणि ते वेगळं मिळत नसेल तर बॉक्सच बदलावा लागेल.

फ्यूज केव्हा उडतो?

*लावताक्षणी उडतो.* म्हणजे शॉर्ट. दोन्ही बल्बचे कपलर (वायरीची प्लगसारखी जोडणी) काढा आणि नवा, मूळ आकड्याचा फ्यूज घाला. आता टिकला तर दोष बल्बमध्ये किंवा होल्डरमध्ये. तरीही उडाला तर वायरिंगमध्ये. अशा वेळी फ्यूजमागून फ्यूज जाळत बसू नका. २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि फ्यूजच्या दोन खाचांमध्ये त्या लावा. हेडलाइटचे बल्ब काढलेलेच राहू द्यात, आणि त्याच फ्यूजवर दुसरं काही असेल तर तेही सोडवा. आता शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण पेटेल, पण त्यातून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाणार नाही, म्हणून वायरीला धोका नाही. मग हार्नेस (वायरींची जुडी) हाताने थोडा थोडा हलवत पुढे जा. जिथे हलवल्यावर बल्ब मिणमिणतो किंवा विझतो, तिथे वायर सोललेली आहे.

घासण्याच्या जागा ठरलेल्या असतात: हेडलाइटच्या मागे रेडिएटरच्या पत्र्याची धार, बॅटरीच्या ट्रेखाली, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं भोक. बाहेरून फॉग लॅम्प किंवा हॉर्न बसवताना या पत्र्याला ड्रिलने नवं भोक पाडून रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) न लावताच वायर ओढलेली असते. धारदार पत्र्यावर पीव्हीसीचं आवरण काही महिन्यांत कापलं जातं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच भागात सापडतात, विशेषतः गाडी आठवडाभर उभी असेल तर.

*दहा-पंधरा मिनिटांनी उडतो.* जास्तीचा भार. डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर एका वायरीभोवती लावून आकडा घ्या. साधा एसीचा क्लॅम्प इथे चालत नाही. बल्बचा हिशेब लावून जास्त प्रवाह निघाला तर त्याच वायरीवरून आणखी काहीतरी घेतलेलं आहे: फॉग लॅम्प, ग्रिलमधली एलईडी पट्टी, कधी हॉर्नसुद्धा. वायर मध्येच सोलून, दुसरी वायर पिळून, वर काळी टेप गुंडाळलेला सांधा शोधा.

*फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर उडतो.* पाणी. तोच पिळलेला सांधा पुन्हा. मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली टेपचा चिकटपणा सुटतो, टेप उलगडते आणि जूनमध्ये पाणी आत जातं. तांब्याच्या बारीक तारांमधून ते वातीसारखं वर चढतं. आवरण वीतभर सोलून बघा: तांबं लालसर चकचकीत असेल तर वायर वाचेल, काळं पडलं असेल किंवा हिरवी पूड धरली असेल तर चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. किनारपट्टीवर, रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत, खाऱ्या हवेमुळे हे काम आणखी वेगाने होतं.

फ्यूज उडत नाही, पण दिवा मंद आहे

बहुतेक लोक १००/९० कडे वळतात ते या कारणाने, आणि इथेच त्यांची चुकीच्या दिशेने सुरुवात होते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. बल्बपर्यंत ५ टक्के व्होल्टेज कमी पोहोचलं तर उजेड सुमारे १६ टक्क्यांनी घटतो, १० टक्के कमी पोहोचलं तर ३० टक्क्यांनी. दहा वर्षं जुन्या गाडीत स्विच, कपलर आणि अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी जोडणी) मिळून एवढं व्होल्टेज सहज खातात. वॉट वाढवले की तेच सांधे आणखी खातात, त्यामुळे पैसे देऊन मिळायला हवा तेवढा उजेड मिळतच नाही.

मोजायचं असं. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, प्रोब व्होल्टच्या खाचेत आहे ना ते बघा. इंजिन चालू, दिवे चालू, बल्ब कपलरला जोडलेलाच. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा प्रोब कपलरच्या मागून लो बीमच्या टर्मिनलवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवलेत. मग लाल प्रोब बल्बच्या अर्थ टर्मिनलवर आणि काळा बॅटरीच्या मायनसवर. प्रत्येक बाजूला ०.३ च्या आत असेल तर उत्तम. दोन्ही मिळून ०.६ च्या वर गेलं तर बल्ब बदलू नका, सांधे शोधा. अर्थच्या बाजूला जास्त आकडा आला तर काम दहा मिनिटांचं आहे: हेडलाइटजवळचा अर्थचा बोल्ट खोला, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा सँडपेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा, वर थोडं ग्रीस लावा.

एक सावधगिरी. सर्व गाड्यांत प्लसची बाजू स्विच होते असं नाही. जपानी धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत बल्बच्या सामायिक पिनेला प्लस मिळतं आणि लो-हायचा स्विच मायनसच्या बाजूला असतो. दिवे बंद-चालू करून आधी ते ओळखा, नाहीतर वरची मोजणी आणि खालची जोडणी दोन्ही उलटी होतील.

एच४ ला तीन पिना असतात आणि सामायिक पिनेतून लो-हाय दोन्हींचा प्रवाह जातो. करपलेला होल्डर शोधताना तिच्याकडे आधी बघा.

बॉनेट उघडायच्या आधी अजून दोन गोष्टी. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या, मोठा फरक तिथेच पडतो. आणि केबिनमधलं हेडलाइटची उंची बदलायचं चाक शून्यावर ठेवून, सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून बघा: लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० ते १३ सेंटिमीटर खाली पडायला हवी. दिवा नाकासमोर जमिनीवर पडत असेल तर कितीही वॉट घाला, पुढचा रस्ता दिसणार नाही.

योग्य दुरुस्ती: ६०/५५ चेच बल्ब, पण रिलेवरून

ज्या गाडीत दिव्यांचा सगळा प्रवाह स्टिअरिंगच्या कॉम्बिनेशन स्विचमधून जातो, तिथे रिले (लहान प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणारा चुंबकी स्विच) लावणं खरोखर फायद्याचं आहे. स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचे जेमतेम ०.२ अँपिअर जातात आणि बल्बला थेट बॅटरीकडून पूर्ण व्होल्टेज मिळतं.

लागणारं सामान: १२ व्होल्ट ३० अँपिअरचे चार पिनांचे दोन रिले, एक लोसाठी, एक हायसाठी, दोन सिरॅमिक एच४ होल्डर, पाणी न शिरणारे फ्यूज होल्डर, २० चा एक आणि १० चे चार फ्यूज, बॅटरीपासून रिलेपर्यंत ४ चौरस मिमीची वायर, बल्बपर्यंत १.५ ची, अर्थला २.५ ची, कॉइलला ०.७५ ची, हीट श्रिंक स्लीव्ह, कोरुगेटेड पाइप, थिंबल. वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर बाजारात भरपूर आहे. ती आतून पांढरी निघते, तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो आणि क्रिम्प केल्यावर (पकडीने दाबून जोडल्यावर) काही काळाने सैल पडते.

बॅटरीची मायनस केबल आधी काढा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात २० चा मुख्य फ्यूज घाला. त्याच्या आधीच्या वायरीला कसलंही संरक्षण नसतं, म्हणून ते अंतर जितकं कमी तितकं चांगलं. तिथून दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या पिनेला. ८७ मधून दोन फाटे काढा, प्रत्येक फाट्यावर १० चा वेगळा फ्यूज, मग डावा आणि उजवा बल्ब. बाजारातल्या तयार हार्नेसमध्ये बहुधा दोन्ही दिव्यांना एकच फ्यूज असतो. तो टाळाच: आंबोली किंवा वरंधच्या वळणावर एक दिवा गेला तर गाडी सावरता येते, दोन्ही एकदम गेले तर नाही. ८५ आणि ८६ ही कॉइल. जुन्या होल्डरचा कपलर तिला सिग्नल म्हणून वापरा, मूळ वायर कुठेही कापू नका. अर्थसाठी इंजिनजवळच्या कंपनीच्या मूळ बोल्टवर थिंबल लावा. रंगावर स्क्रू पिळून केलेला अर्थ चालणार नाही.

रिले पिना खाली करून बसवा म्हणजे पाणी आत साठत नाही. वायर रिलेत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, ओघळणारं पाणी तिथूनच टपकून जातं. सांधे क्रिम्प करा. सोल्डर केलेला सांधा इंजिनच्या थरथरीत त्याच्या कडेला तुटतो, कारण सोल्डर तारांमध्ये शोषलं जाऊन तो भाग ताठ होतो. एक्झॉस्टपासून वायर हातभर लांब ठेवा.

नव्या गाड्यांत हा खटाटोप करू नका. तिथे दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल (गाडीतला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) चालवतं, काही गाड्यांत तर स्पंदनांच्या रूपात वीज देतं. रिले लावला की तो फडफडतो, मॉड्यूलला बल्ब गेल्यासारखं वाटतं, आणि वायर शॉर्ट झाली तर मॉड्यूलचा खर्च हेडलाइटच्या कित्येक पट येतो.

रिले लावल्यावर १००/९० चालतील का, हा प्रश्न हमखास येतो. वायरीपुरतं उत्तर: मोठ्या वायरीने आणि फ्यूजने चालतील. दिव्याच्या बाबतीत उत्तर: नाही. रिफ्लेक्टरचा मुलामा आणि पॉलिकार्बोनेटची काच ६० वॉटच्या उष्णतेसाठी बनवलेली असते. मुलामा जळून मंद पडला की पूर्ण हेडलाइट बदलावा लागतो. समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जाणारा झोत वेगळाच.

एलईडी बल्बने फ्यूजचा प्रश्न सुटतो, कारण तो २०-३० वॉटच घेतो. पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये उजेडाचा उगम फिलामेंटच्या जागीच, त्याच आकाराचा असावा लागतो. एच४ च्या लो फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, ती खालच्या बाजूचा उजेड अडवून कड तयार करते. स्वस्त एलईडीत ही भूमिती जुळत नाही. आपल्याला समोर पांढरंशुभ्र दिसतं, पण उजेड वर फेकला जातो, आणि धुक्यात-पावसात तोच परतून आपल्याच डोळ्यांवर येतो.

आणखी काही जोडलं असेल तर

डॅशकॅमसाठी फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरून वेगळी वायर काढणारा जोड) वापरताना एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कंट्रोलचे फ्यूज सोडून द्या. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्पही लावू नका. डॅशकॅमची वायर काचेशेजारच्या खांबातून नेताना कर्टन एअरबॅगच्या मागून न्या. पुढून नेली तर फुगताना तीच आड येते. ॲम्प्लिफायरच्या केबलचा फ्यूज बॅटरीपाशी हवा, डिकीत नव्हे.

सकाळी बॅटरी उतरलेली सापडत असेल तर गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा, मग मायनस केबलमध्ये मीटर ओळीत लावून प्रवाह मोजा. ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतं. ४०० असेल तर दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास जातात आणि लहान गाडीची ३५ ची बॅटरी तीन दिवसांत संपते.

कायद्याची बाजू थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ(४) मध्ये प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. कापलेलं वायरिंग दिसलं की वॉरंटी आणि आगीचा विमा दावाही अडतो.

धूर दिसला तर

गाडी कडेला घ्या, इग्निशन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब पाठवा, ११२ ला फोन करा. धूर बॉनेटमधून येत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळताच भडका होतो. फटीतूनच पावडरच्या अग्निशामकाचा फवारा मारा. ज्वाळा नसतील, नुसता वास असेल, तरच बॅटरीची मायनस केबल काढायला हात घाला. त्यासाठी १० नंबरचा पाना टूलकिटमध्ये न ठेवता हाताशी, दाराच्या कप्प्यात ठेवा.

दुरुस्तीनंतर दिवे पंधरा मिनिटं चालू ठेवून होल्डर, फ्यूज आणि रिलेच्या पिनांना बोट लावा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तो सांधा पुन्हा करा. महिन्याभराने आणि मग दर वर्षी मे अखेरीस व्होल्टेजची तीच मोजणी करा, आणि आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकरवर लिहून ठेवा.